पॉवर स्टिअरिंगची घरघर परत परत येते: जुन्या गाडीत कुठून तपासायचं, कोणतं ऑइल घालायचं आणि कसं बदलायचं

ऑइल टाकलं की आवाज थांबतो आणि दोन महिन्यांनी परत येतो. मग पुन्हा अर्धा कप ऑइल, पुन्हा दोन महिने शांतता. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असलेल्या दहा-पंधरा वर्षं जुन्या गाड्यांमध्ये हे चक्र सर्रास दिसतं आणि शेवटी बिल पंपाचं किंवा रॅकचं (चाकं वळवणारा दांडा ज्यात सरकतो त्या भागाचं) येतं. हे ऑइल इंजिन ऑइलसारखं जळत नाही, बंद वाटेतच फिरत राहतं. त्यामुळे पातळी उतरली असेल तर ऑइल कुठून तरी बाहेर गेलंय, आणि पंप ओरडत असेल तर बहुतेक वेळा हवा कुठून तरी आत आलीय. ती जागा सापडेपर्यंत नुसतं ऑइल ओतून काही साधत नाही.

आधी तुमच्या गाडीत ही यंत्रणा आहे का ते बघा. बॉनेट उघडल्यावर स्टिअरिंगचं चित्र असलेलं झाकण आणि त्याखाली छोटी टाकी दिसली, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. टाकीच नसेल तर पॉवर स्टिअरिंग बहुतेक विजेच्या मोटरवर चालतं. २००५ पासूनच्या स्विफ्टमध्ये तसंच आहे. त्यात ऑइल नसतं, बिघाडाची कारणंही वेगळी असतात.

लक्षणं

- स्टिअरिंग वळवताना गुरगुर किंवा घरघर, आणि ॲक्सिलरेटर दिला की आवाजाची पट्टी चढते: पंपाला ऑइल कमी पडतंय किंवा ऑइलमध्ये हवा आहे.
- सकाळी गाडी सुरू करताना किंवा पावसात तीक्ष्ण किंचाळी, स्टिअरिंग टोकाला नेलं की जास्त: पंप फिरवणारा पट्टा घसरतोय.
- टाकीत फेस, ऑइल दुधाळ किंवा फिकट गुलाबी: हवा मिसळलीय.
- दोन्ही बाजूंना सारखंच जड, आवाज मात्र नाही: टायर, बॉल जॉइंट, सैल पट्टा किंवा थकलेला पंप.
- एका बाजूला हलकं, दुसऱ्या बाजूला जड: दोष रॅकच्या आतल्या व्हॉल्व्हमध्ये किंवा सीलमध्ये. ऑइल बदलून हा जात नाही.
- सकाळची पहिली काही मिनिटं जड, गाडी तापली की हलकं: रॅकमधले सील झिजलेत.
- गाडी उभी राहते तिथे लाल, तपकिरी किंवा हिरवट तेलकट डाग.

स्टिअरिंग पार टोकाला नेल्यावर येणारा सूं-सूं आवाज हा बिघाड नाही. तिथे दाब वाढून रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, त्याचा तो आवाज. पण टोकाला धरून ठेवायची सवय पंपाला मारते. ऑइल आतल्या आत फिरून झपाट्याने तापतं, म्हणून टोकाला लागलं की लगेच थोडं मागे सोडा. पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नका.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

स्टिअरिंग जड असेल तर पहिली नजर टायरवर. पुढच्या टायरमध्ये ३० पीएसआयच्या जागी २० असेल तर उत्तम पंप असूनही स्टिअरिंग जड लागतं. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. कंपनीच्या मापापेक्षा रुंद टायर टाकले असतील तर थोडा जडपणा कायमचाच आहे, तो ऑइलच्या माथी मारू नका.

नंतर टाकी. गाडी सपाट जागी, चाकं सरळ, इंजिन बंद. झाकण उघडण्याआधी झाकण आणि भोवतीची धूळ फडक्याने पुसून घ्या. ही पायरी बरेच जण गाळतात. पंपाच्या आतल्या पात्यांमधली फट इतकी बारीक असते की वाळूचा कण तिथे ओरखडा पाडतो आणि तो ओरखडा कधीच भरून येत नाही. टाकीवर किंवा झाकणाच्या काडीवर थंड आणि गरम अशा दोन वेगळ्या खुणा असतात. थंडची खूण साधारण २० अंशांसाठी, गरमची साधारण ८० अंशांसाठी. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी उन्हात उभ्या गाडीचं ऑइल धड थंडही नसतं आणि गरमही नसतं, म्हणून सकाळी गाडी हलवण्याआधी थंडच्या खुणेवर मोजा. खुणेच्या वर भरू नका. जास्तीचं ऑइल तापून फुगतं, झाकणातून ओघळतं आणि गळती असल्याचा भास होतो.

पांढऱ्या टिश्यूवर दोन थेंब घ्या. लाल किंवा मधासारखं पारदर्शक असेल तर ठीक. तपकिरी म्हणजे जुनं, बदलायची वेळ झाली. काळं आणि करपल्या वासाचं असेल तर ते खूप तापलंय, किंवा जुन्या होजच्या आतलं रबर त्यात झिजून उतरतंय. बोटांत चोळल्यावर चकचकीत कण दिसले तर पंप आतून झिजतोय. मग पुढच्या पायऱ्या करत बसू नका, थेट मेकॅनिककडे जा.

हवेची परीक्षा एका मिनिटाची आहे. गाडी थोडी चालवून ऑइल तापू द्या, इंजिन आयडलवर ठेवून पातळी बघा, मग इंजिन बंद करून पुन्हा बघा. पातळी ५ मिलिमीटरपेक्षा जास्त वर चढली तर आत हवा आहे. इंजिन चालू असताना ती हवा दाबाखाली आकसलेली असते, बंद झालं की फुगते आणि ऑइलला वर ढकलते.

पट्टा इंजिन बंद करून, चावी काढूनच तपासा. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने जोर देऊन दाबल्यावर साधारण १० मिलिमीटर दबायला हवा. पट्टा भेगाळलेला, काचेसारखा चकचकीत किंवा तेलकट असेल तर बदला. तेल लागलेला पट्टा पुसून पुन्हा वापरता येत नाही, रबरात तेल मुरलेलं असतं. आणि पट्ट्यावर तेल आलंच कसं, तेही शोधा. बहुतेक वेळा पंपाच्या शाफ्टचं सील गळत असतं. आवाज पट्ट्याचाच आहे का याची शंका असेल तर इंजिन आयडलवर असताना स्प्रे बाटलीने दुरूनच पट्ट्याच्या खाचांकडच्या बाजूवर थोडं पाणी मारा. आवाज क्षणभर गेला तर पुली सरळ रेषेत नाहीत, वाढला तर ताण कमी आहे. हे करताना सैल बाह्या, ओढणी, गळ्यातली माळ पुलीपासून लांब ठेवा.

गळती शोधणं

सगळे पाइप आणि जोड पुसून कोरडे करा, रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरा आणि सकाळी डाग कुठे पडलाय ते बघा. डाग थेट गळतीच्या खाली पडतोच असं नाही, ऑइल पाइपवरून वाहत जाऊन सर्वांत खालच्या जागी टपकतं. म्हणून डागापासून वर वर शोधत जा. सर्वांत वरची ओली जागा हीच गुन्हेगार.

बघायच्या जागा ठरलेल्या आहेत. परतीच्या होजच्या (रॅककडून टाकीत येणाऱ्या रबरी नळीच्या) क्लिपा, दाबाच्या होजचा (पंपाकडून रॅककडे जाणाऱ्या नळीचा) धातूचा दाबलेला जोड, पंपाच्या पुलीमागचं सील (हे गळलं की फिरत्या पुलीमुळे ऑइल गोल शिंतोडे उडून बाजूला बसतं), दाबाचा स्विच असेल तर त्याचं बूड, आणि रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट. बूट हाताने दाबून बघा. आत ऑइल डुचमळत असेल तर रॅकचं सील गेलंय. काही जण बूटला भोक पाडून ऑइल निथळू देतात. तसं करू नका. त्याच भोकातून पाणी आणि चिखल आत जातो आणि सीलसोबत रॅकचा दांडाही गंजतो. मग नुसते सील बदलून भागत नाही.

सर्वांत दुर्लक्षित जागा: टाकी ते पंप

पातळी ठीक, बाहेर कुठे थेंब नाही, तरीही फेस आणि घरघर. पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारीमागे सर्वांत जास्त वेळा हीच गोष्ट असते आणि पंप बदलल्यावरही ती तशीच राहते, कारण दोष पंपात नसतोच.

टाकीला दोन होज असतात. जाड असतो तो टाकीतून पंपाकडे जाणारा, बारीक असतो तो रॅककडून परत येणारा. जाड होजमध्ये इंजिन चालू असताना दाब नसतो, उलट पंप तिथून ओढत असतो. त्यामुळे तिथे बारीक भेग किंवा सैल क्लिप असली तर ऑइल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. गळती दिसत नाही म्हणून कुणी तिकडे बघत नाही.

होज वाकवून दोन्ही टोकांजवळ भेगा बघा. दाबल्यावर तो कडक, पुठ्ठ्यासारखा लागला तर बदला. मूळची स्प्रिंग क्लिप वर्षांनी ढिली पडते. तिच्या जागी चांगली स्क्रूची क्लिप चालते, पण पिळून पिळून घट्ट करू नका, पट्टी रबरात रुतून होज कापते. नवा होज पॉवर स्टिअरिंगचाच, तेलाला टिकणारा घ्या. रेडिएटरचा किंवा हीटरचा होज मापाला बसतो म्हणून लावतात. त्याचं रबर पाण्यासाठी असतं. तेलात ते फुगतं, मऊ पडतं आणि ओढ लागली की आत चिपकतं. मग पंप उपाशी आणि आवाज आधीपेक्षा मोठा. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली आसरा घेतात, तेव्हा होजवर दातांच्या खुणाही बघा.

पंपाच्या तोंडाशी जिथे हा होज किंवा त्याची नळी बसते तिथे एक ओ-रिंग (रबरी कडी) असते. ती कडक झाली की हवा आत घेते. जुन्या अकॉर्ड आणि सीआर-व्हीमध्ये घरघरीचं हे ओळखीचं कारण आहे. ओ-रिंग क्षुल्लक किमतीची असते, सहसा एकदोन बोल्ट काढून बदलता येते. नवी बसवताना तिला त्याच स्टिअरिंग ऑइलचा हात लावा, कोरडी बसवली तर मुरगळते.

राहिली टाकीतली जाळी. बऱ्याच टाक्यांच्या तळाशी बारीक जाळी असते आणि जुन्या ऑइलचा गाळ तिच्यावर बसतो. आयडलवर ठीक, पण स्टिअरिंग भराभर वळवलं की घरघर, हे तिचं लक्षण. टाकी काढून रॉकेलने आतून धुवा आणि पूर्ण वाळू द्या. जाळी फाटलेली असेल किंवा सुटत नसेल तर नवी टाकीच घ्या. पंपाच्या तुलनेत ती स्वस्त पडते.

कोणतं ऑइल

झाकणावर लिहिलेलं वाचा, नंतर मॅन्युअल. दुकानदाराच्या सल्ल्याचा नंबर त्यानंतर.

टोयोटाच्या क्वालिस आणि पहिल्या पिढीच्या इनोव्हामध्ये लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) जातं, डेक्स्रॉन दोन किंवा तीन या दर्जाचं. गॅरेजमध्ये याला अनेक जण ‘टीक्यू ऑइल’ म्हणतात. होंडा स्वतःचं पॉवर स्टिअरिंग फ्लुइडच घालायला सांगते. दुसरं घातलं तर झीज वाढते आणि थंडीत स्टिअरिंग नीट चालत नाही, असा इशारा तिच्या मॅन्युअलमध्येच असतो. जुन्या ह्युंदाईंसाठी पीएसएफ-३. जुन्या ऑक्टेव्हियासारख्या फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांना हिरवं हायड्रॉलिक ऑइल लागतं, जी ००२ ००० किंवा त्याला जुळणारं सीएचएफ ११एस. बीएमडब्ल्यूमध्ये एटीएफ की सीएचएफ हे टाकीच्या झाकणावरच लिहिलेलं असतं. लाल आणि हिरवं एकमेकांत मिसळू नका. दोघांची जाडी आणि त्यातली रसायनं वेगळी, आणि सील त्यातल्या एकासाठीच निवडलेले असतात.

डेक्स्रॉन तीनचं परवाना देणं जनरल मोटर्सने २००६ च्या शेवटी थांबवलं. आज बाटलीवर ‘डेक्स्रॉन तीन’ दिसतं तो तेल बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा दावा असतो, म्हणून माहितीच्या कंपनीची सीलबंद बाटली घ्या. सुटं ऑइल घेऊ नका. डेक्स्रॉन सहा पातळ आहे. नव्या घट्ट पंपात ते चालूनही जातं, पण झिजलेल्या जुन्या पंपात आवाज वाढण्याची शक्यता असते. जुन्या गाडीला तीनच्या दर्जाचंच बघा. ‘सर्व गाड्यांसाठी’ असं छापलेली बाटली घ्यायची झाली तर तिच्या मागे तुमच्या गाडीचा दर्जा नावानिशी छापलेला असला पाहिजे.

रंगावर विसंबून राहू नका. लाल एटीएफ असतं तसं लाल कूलंटही असतं, आणि हिरव्याचंही तेच.

ब्रेक ऑइलबद्दल मात्र ठासून सांगायला हवं, कारण दोन्ही टाक्या शेजारी असल्या की ही चूक घडते. ब्रेक ऑइल ग्लायकोलचं, स्टिअरिंगचं ऑइल पेट्रोलियमचं किंवा तशाच सिंथेटिक तेलाचं. स्टिअरिंगच्या टाकीत डॉट ३ किंवा डॉट ४ पडलं तर सील फुगून खराब होतात. चूक लगेच लक्षात आली तर इंजिन सुरूच करू नका. टाकीतलं सगळं ओढून काढा, टाकी धुवा, मग योग्य ऑइल भरा. इंजिन चालवून झालं असेल तर पूर्ण यंत्रणा धुवावी लागते, आणि ते काम गॅरेजचं. उलटी चूक, म्हणजे ब्रेकच्या टाकीत स्टिअरिंगचं ऑइल, जिवावर बेतणारी आहे. तशी गाडी एक किलोमीटरही चालवू नका, टो करून न्या.

गळती थांबवणारी औषधं बाजारात मिळतात. ती रबर फुगवून फट बुजवतात. कडक झालेल्या सीलवर काही महिने उपयोग होतो, पण फाटलेल्या होजवर किंवा खरवडलेल्या शाफ्टवर काहीही होत नाही. गाडी विकायची म्हणून हे घालणं म्हणजे घेणाऱ्याच्या स्टिअरिंगशी खेळणं आहे.

बदलायचं कसं

यंत्रणेत साधारण एक लिटर ऑइल असतं, टाकीत त्यातलं सुमारे ३०० मिली. दोन लिटर आणून ठेवा.

सोपी पद्धत सिरिंजची. मोठ्या सिरिंजला पारदर्शक नळी लावून टाकी रिकामी करा, नवं भरा, इंजिन सुरू करून स्टिअरिंग दोन्हीकडे तीन-चार वेळा वळवा आणि गाडी दोन-चार दिवस चालवा. मग पुन्हा तेच. एका फेरीत ३०० मिली बदलतं, म्हणजे जुनं ७० टक्के उरतं. दुसऱ्या फेरीनंतर ४९, तिसऱ्यानंतर ३४, चौथ्यानंतर २४. चार फेऱ्या पुरे. एकाच दुपारी चारही फेऱ्या केल्या तरी चालतं, फक्त प्रत्येक फेरीनंतर ऑइल नीट मिसळू द्या. होज उघडावा लागत नाही, हवा जात नाही, म्हणून घरी करायला हीच पद्धत बरी.

ऑइल अगदी काळं असेल तर परतीचा होज सोडून धुणं चांगलं, पण त्याला दुसरा माणूस हवाच. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना ठोकळे लावा, पुढची दोन्ही चाकं जॅकने उचलून गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेकवा. नुसत्या जॅकवर गाडीखाली हात घालू नका. बारीक परतीचा होज टाकीतून काढून पारदर्शक बाटलीत सोडा आणि टाकीचं उघडं तोंड रबरी बुचाने बंद करा. चावी स्टिअरिंगचं कुलूप सुटेल इतकीच फिरवा, इंजिन बंदच राहू दे. एकाने स्टिअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं, दुसऱ्याने टाकीत ओतत राहायचं. टाकी एकदाही रिकामी होता कामा नये. बाटलीत नव्या रंगाचं ऑइल दिसू लागलं की थांबा, होज परत लावा. काही जण हे इंजिन चालू ठेवून करतात. पंप काही सेकंदांत टाकी उपसतो, कोरडा फिरतो आणि पात्यांवर ओरखडे पडतात, ऑइल बदलण्याच्या नादात पंप जातो.

हवा काढताना घाई नको. चाकं उचललेली, इंजिन बंद, स्टिअरिंग टोकापासून टोकापर्यंत सावकाश १५ ते २० वेळा. मधेमधे पातळी भरा. टाकीत बुडबुडे येणं थांबलं की इंजिन सुरू करा, आयडलवरच ठेवा आणि स्टिअरिंग टोकाला न टेकवता दोन्हीकडे वळवा. फेस आला तर इंजिन बंद करून अर्धा-एक तास गाडी तशीच राहू द्या. फेसाळ ऑइलवर पंप चालवत राहिलं तर बुडबुडे आणखी बारीक होतात आणि निघत नाहीत. शेवटी ५ मिलिमीटरची परीक्षा पुन्हा करा. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी आणि सगळ्या क्लिपा पुन्हा बघा.

जुनं ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नका. झाकण लावलेल्या कॅनमधून गॅरेजला द्या, तिथे ते इंजिन ऑइलबरोबर जमा होतं.

इथे थांबा, मेकॅनिककडे जा

दाबाच्या होजला फुगवटा आलाय किंवा त्याच्या जोडातून ऑइल झिरपतंय: स्टिअरिंग टोकाला नेताना त्यात ७० ते १०० बारच्या घरात दाब असतो. घरी क्लिपा लावून किंवा तुकडा जोडून तो टिकत नाही. ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर उडत असेल तर गाडी चालवूच नका, आग लागू शकते.

रॅकच्या बूटमध्ये ऑइल, एका बाजूला जडपणा, ऑइलमध्ये धातूचे कण, पुलीला हाताने हलवल्यावर खेळ, यातलं काहीही दिसलं तर रॅक किंवा पंप उतरवावा लागणार. बऱ्याच पंपांची पुली शाफ्टवर दाबून बसवलेली असते, तिला पुलर लागतो. हातोड्याने काढली तर शाफ्ट वाकतो. चाकं उचलून इंजिन बंद असताना स्टिअरिंग एखाद्या ठरावीक जागी अडत असेल, किंवा वळवून सोडल्यावर चाकं आपोआप सरळ होत नसतील, तर दोष ऑइलच्या बाहेर आहे: बॉल जॉइंट किंवा स्टिअरिंग कॉलमचा जॉइंट. तशा गाडीने घाट उतरू नका.

रॅक किंवा पंप बदलताना मेकॅनिकला दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा. नवा भाग जोडण्याआधी होज आणि टाकी धुवून घ्यायची, कारण जुन्या पंपाचे कण तिथेच बसलेले असतात आणि नवा पंप त्यांनीच मरतो. आणि रॅक उतरवला असेल तर व्हील अलाइनमेंट करूनच गाडी ताब्यात घ्यायची.